मत्स्य खात्यातल्या अंबुजाक्का

अंबुजाक्का बोलता बोलता मध्येच थांबत. अर्धं वाक्य तसंच सोडून खिडकीबाहेर बघत बसत. आपल्याला वाटावं, विसरल्या. आणि पाच मिनिटांनी ते वाक्य जिथे सुटलं होतं नेमकं तिथूनच पुढे सुरू होई. ऐकणारा तोवर उठून गेला असला तरी त्यांचं काही अडत नसे.

स्वातंत्र्याला तेव्हा दहाएक वर्षं झाली होती. माझे यजमान रेल्वेत होते आणि त्यांची बदली मद्रासला झाली होती. मी मालवणची, अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. तमिळचा गंध नाही. तिरुवल्लिक्केणीतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत दिवसभर बसून जीव विटला, तेव्हा मत्स्य खात्यात आकडेमोडीच्या कामाची एक जागा निघाली म्हणून अर्ज केला आणि ती मिळाली. कचेरी एका जुन्या बंगल्यात होती. समुद्र इतका जवळ की दुपारी वारा सुटला की टेबलावरच्या प्रत्येक कागदावर काहीतरी जड ठेवावं लागे. कुणी शंख ठेवी, कुणी शाईची दौत. किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांमधून भरून आलेले छापील फॉर्म माझ्याकडे येत. त्यांतले रकाने मोजून मी तक्ते करत असे.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी अशीच पुटपुटत मोजत होते. अडुसष्ट, एकोणसत्तर. मागून एक बाईचा आवाज आला, "सत्तर होलं की कॉफी घ्या."

मी वळून बघितलं. पंचेचाळिशीच्या बाई. करड्या रंगाचं नऊवारी, पायात पुरुषांसारखे कॅनव्हासचे बूट, काखेत काळी छत्री. कपाळ मोकळं. चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण डोळे कुठल्याशा लांबच्या गोष्टीवर हसत होते.

"तुम्ही मराठी?" मी विचारलं.

"तंजावरचं मराठी," त्या म्हणाल्या. "तुमच्यांत त्याला मराठी मणतात की नाही, ठाऊक नाही."

त्यांच्या घराण्यातले लोक राजांच्या मागोमाग तंजावरला आलेले. दोन-अडीचशे वर्षांत महाराष्ट्र त्यांच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. त्यांची मराठी जुन्या पेटीत घडी घालून ठेवलेल्या शालूसारखी होती, आणि तिला तमिळची चाल लागलेली. 'झालं'ला त्या 'होलं' म्हणत, 'सगळं'ला 'अस्कं'. मध्येच एखादा तमिळ शब्द सहज येऊन बसे. पहिले काही दिवस मला निम्मं कळत नसे. नंतर असं झालं की घरी मीच 'अस्कं होलं' म्हणू लागले आणि यजमान हसू लागले.

त्या सोळा वर्षांच्या असताना त्यांचे पती गेले. मोठे भाऊ कृष्णाजीराव मैलापुरात राहत, हायस्कुलात संस्कृत शिकवत. बहिणीचं डोकं चांगलं आहे हे ओळखून त्यांनीच तिला कॉलेजात घातलं. नातेवाइकांचं ऐकलं नाही. बी.ए. झाल्यावर ती शाळेत शिकवेल अशी त्यांची कल्पना होती. अंबुजाक्कांनी सरकारी जाहिरात पाहून अर्ज केला तो मत्स्य खात्यात, कोळी कुटुंबांच्या पाहणीच्या कामासाठी. घरात कांदासुद्धा चालत नसे. भावाने विचारलं, दुसरं कुठलं खातं नव्हतं का? त्यावर त्या काय म्हणाल्या हे मला त्यांनीच सांगितलं होतं. "मी मणालें, अण्णा, लहानपणी मी एकदा नागपट्टणला समुद्र बघितला. तेव्हापासून तो माझ्या झोपेत येतो. आता तो दिवसाही बघूं दे."

भावाने जाऊ दिलं. अट एकच घातली. कामावरून आल्यावर मागच्या दाराने यायचं, विहिरीवर स्नान करायचं, मग घरात. अंबुजाक्कांनी ती अट कुरकुर न करता वीस वर्षं पाळली.

त्यांच्याबरोबर पाहणीला जायची परवानगी मला साहेबांनी दिली ती माझ्या तक्त्यांमुळे. झालं असं की अंबुजाक्कांचे फॉर्म माझ्याकडे येत ते पुढून अर्धे कोरे आणि मागून गच्च भरलेले. 'कुटुंबप्रमुखाचा व्यवसाय' या रकान्यात एक शब्द, आणि पाठीमागे बारीक अक्षरात इंग्रजीत मजकूर: या घरातला पुरुष अमावास्येला समुद्रावर जात नाही. या घरातल्या विधवेला गावाच्या ओढजाळ्यातून एक वाटा मिळतो, ती दोराला हात लावो न लावो. या गावात पावसाळ्यानंतरचे काही दिवस बारीक जाळं टाकायचं नाही असा ठराव आहे, मोडला तर पंचायत त्याची होडी वाळूवर ओढून ठेवते. या मजकुरासाठी माझ्या तक्त्यात जागाच नव्हती. मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "तुम्ही एकदा त्यांच्याबरोबर जाऊन या आणि रकाने कसे भरायचे ते त्यांना दाखवा."

गेले ती मी शिकायलाच गेले म्हणायची.

शहराच्या दक्षिणेला, नदीचं मुख ओलांडून पुढे गेलं की एक कोळीवाडा होता. तेन्नंकुप्पम म्हणू या त्याला. माडाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या झोपड्या, आणि पुढे वाळूच वाळू. लाकडाचे चार-पाच ओंडके दोरांनी बांधून केलेले त्यांचे तराफे, कट्टुमरम, पहाटे जात आणि ऊन चढेपर्यंत परतत. लांबून नुसती माणसं दिसत, पाण्यावर उभी असल्यासारखी. खालचं लाकूड लाटेआड गेलेलं असे. त्या पहिल्या सकाळी धुकं होतं की डोळ्यांवरची झोप, सांगता येत नाही. पण पाण्यावरून चालत येणारी ती माणसं बघून मला वाटलं, आपण कुणाच्या तरी स्वप्नात चुकून शिरलो आहोत.

अंबुजाक्का एका उलट्या तराफ्यावर बसल्या. वही मिटलेलीच. मी हळूच म्हटलं, "प्रश्न विचारायचे ना?"

"बस जरा," त्या म्हणाल्या. "विचारलं की लोक उत्तर देतात. न विचारतां बसलं की गोष्ट सांगतात."

तासाभराने खरंच एक म्हातारा येऊन शेजारी बसला, आणि काल कुठल्या ताऱ्याखाली जाळं टाकलं ते सांगू लागला; मला तमिळ कळायला लागेपर्यंत असं सगळं अंबुजाक्का मराठीत करून सांगत. मग एक बाई आली. सेल्लम्मा तिचं नाव. चाळिशीची, काळी, उंच, रिकामी पाटी हातात फुलासारखी धरलेली. तिच्याकडून अंबुजाक्कांनी पूर्ण गावचा बाजार समजून घेतला: तराफे लागले की वाळूवरच लिलाव होतो, बायका मासा विकत घेतात, डोक्यावर पाटी घेऊन शहरात जातात, मैलापूर, रायपेट्टा, कुणी पार त्यागराय नगरापर्यंत. उरला तर मीठ लावून वाळवतात. ज्या दिवशी समुद्र काही देत नाही, त्या दिवशी मागे वाळवलेलं विकून घर चालतं. पुरुषाचं काम लाटेपाशी संपतं. तिथून पुढे सगळं बायकांचं.

मला हे ओळखीचं वाटलं. आमच्या मालवणला रापण, किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतात तेव्हाही गावाचे वाटे असेच पडतात आणि मासा बायकाच विकतात. मी तसं सांगितलं तर अंबुजाक्कांचा चेहरा एकदम उजळला. "दोन समुद्रांचा कायदा एकच की काय," असं म्हणून त्या थांबल्या, आणि पुढचं बोलणं परतीच्या वाटेवर नदी ओलांडताना पूर्ण केलं: "आणि तो आपल्या कचेरीला ठाऊक नाही."

एकदा कचेरीत डबा खाताना त्यांनी मला विचारलं, "शालू, एक सांग. वव्वाल आणि मत्ति, दोन्ही मासेच. एकाची किंमत दुसऱ्याच्या कितीतरी पट. काय मणून? चव कशी असते ती सांग."

वव्वाल म्हणजे आपलं पापलेट, मत्ति म्हणजे तारली. मला आधी हसू आलं. मग लक्षात आलं, त्या गंभीरपणे विचारत आहेत. इतकी वर्षं ज्याचा भाव लिहिला, त्याची चव त्यांना ठाऊक नव्हती. मी सांगू लागले. पापलेटाचं मांस कसं पांढरंशुभ्र, सुटं, जिभेवर ठेवलं की विरघळतं. तारलीचा वास कसा दांडगा, तेल सुटतं, पण गरम भाताबरोबर तिची आमटी असली की पोट आणि मन दोन्ही भरतं. सांगता सांगता मला माझ्या आईची चूल दिसायला लागली, चुलीवरचं मडकं, तिरफळांचा वास. मी बोलायची थांबले. अंबुजाक्का डोळे मिटून ऐकत होत्या. डोळे उघडून म्हणाल्या, "होलं. मला कळलं. तारली घरच्यांसाठी, पापलेट पाहुण्यांसाठी." आणि आपला दहीभात शांतपणे खाऊ लागल्या.

आता बसची गोष्ट. ही गोष्ट नंतर आमच्या कचेरीत फार रंगवून सांगितली जाई, पण मी स्वतः तिथे होते आणि त्यात रंगवण्यासारखं काही नव्हतं. आम्ही दोघी तेन्नंकुप्पमहून परतत होतो. बसथांब्यावर सेल्लम्मा पाटी घेऊन उभी होती. दोन बस तिला न घेताच गेल्या होत्या. मासेवाल्या बायकांना कंडक्टर चढू देत नसत. उतारूंना वास येतो. मग त्या डांबरी रस्त्यावरून, भर उन्हात, अनवाणी तीन-चार मैल चालत जात. पोचेपर्यंत मासा मऊ पडे आणि भाव पडे.

तिसरी बस आली. कंडक्टरने हात आडवा केला. अंबुजाक्कांनी सेल्लम्माच्या डोक्यावरून पाटी उतरवून घेतली, स्वतः आत चढल्या, पहिल्या बाकावर बसल्या आणि पाटी मांडीवर ठेवली. पाटीतून पाणी गळत होतं. करड्या लुगड्यावर त्याचा काळा डाग पसरत गेला.

कंडक्टर तरुण होता. त्यांच्या मोकळ्या कपाळाकडे, लुगड्याकडे बघून तो गोंधळला. "अम्मा, तुम्ही… ही पाटी तुमची?"

"माझ्या मांडीवर आहे, म्हणजे माझीच," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "मला उतरवणार?"

त्याने तीन तिकिटं फाडली. सेल्लम्मा दाराशी अंग चोरून उभी राहिली. बसमध्ये कुणी तोंड फिरवलं. कुणी नाकाला पदर लावला. मैलापूरच्या देवळाच्या तळ्यापाशी आम्ही उतरलो तेव्हा ओळखीच्या दोन बायकांनी अंबुजाक्कांना पाहिलं.

त्या पोचण्याआधी बातमी घरी पोचली होती. कृष्णाजीराव अंगणात उभे होते. मी अंबुजाक्कांच्या मागोमाग घरापर्यंत आले होते, त्यामुळे मी ऐकलं. ते रागावले नव्हते. थकल्यासारखे म्हणाले, "अंबू, मी तुला शिकवलं ते लोकांनी वाट्टेल ते बोलावं मणून नाही. नोकरी सांभाळ, नाहीतर हे घर. दोन्ही माझ्याच्याने होणार नाही."

अंबुजाक्का म्हणाल्या, "अण्णा, मला थोडे दिवस द्या." आणि विहिरीकडे गेल्या. तिथे एक गोष्ट मी बघितली. त्यांची वहिनी, आयुष्यात कधी कुणापुढे तोंड न उघडणारी, मागच्या दाराशी गरम पाण्याचा हंडा ठेवून निघून गेली. तो रोजच ठेवला जाई, हे मला नंतर कळलं.

महिन्याभरात अंबुजाक्कांनी सांतोमला, एका ख्रिस्ती शिक्षिकेच्या घराच्या गच्चीवर एक खोली घेतली. तिथून समुद्र दिसे. भावाकडे दर एकादशीला जात. पुढच्या दाराने.

याच सुमारास इंजिनाच्या होड्या आल्या. सरकारची योजना होती आणि ती वाईट नव्हती. तराफ्यावर जाणारा माणूस वाऱ्यावर आणि नशिबावर जगतो. इंजिन असलं तर लांब जाईल, जास्त पकडेल, जिवंत परत येईल. होड्या कोळ्यांच्या सहकारी सोसायटीतर्फे वाटायच्या होत्या आणि पहिल्या काही गावांत तेन्नंकुप्पमचं नाव होतं. गावात आनंद झाला. अंबुजाक्कांना पाहणी करून अहवाल लिहायचा होता, होड्या कुणाला द्याव्यात याचा.

त्यांनी मात्र सेल्लम्माला विचारलं, "तुला काय वाटतं?"

सेल्लम्मा म्हणाली, "होडी वाळूवर ओढता येणार नाही, अम्मा. ती बंदरात जाणार, उत्तरेला. मासा तिथे उतरणार. तिथे बर्फवाले आणि दलाल. आम्ही रोज तिथे कशा जाणार? गावात मासा येणारच नाही. मग आम्ही काय करायचं?"

हा प्रश्न कुठल्याच फॉर्मवर नव्हता. अंबुजाक्कांनी तो साहेबांपुढे मांडला. आमचे साहेब सज्जन होते, विलायतेत माशांच्या अंड्यांवर अभ्यास करून आलेले. ते म्हणाले, "बाई, मासे वाढले की सगळ्यांचंच भलं होईल."

"साहेब, एकदा माझ्याबरोबर चालाल?" अंबुजाक्कांनी विचारलं. "गाडीत नाही. चालत."

त्यांनी हो म्हटलं, हेच मोठं. एका सकाळी ते, अंबुजाक्का आणि मी, असे तिघं सेल्लम्मा आणि तिच्या बरोबरच्या बायकांमागून तेन्नंकुप्पमहून त्यागराय नगरापर्यंत चाललो. त्या बायका चालत नव्हत्या, अर्धवट धावत होत्या. पाट्यांखाली त्यांच्या माना ताठ, आणि हात झुलत होते. रस्त्याच्या कडेच्या पांगाऱ्याच्या झाडांखालून सावल्या सरकत होत्या. साहेबांनी टाय सोडली, मग कोट काढून हातावर घेतला. एका दारात सेल्लम्माने पाटी उतरवली. आतून एक म्हातारी आली, माशाऐवजी आधी सेल्लम्माच्या मुलीच्या बाळंतपणाची चौकशी केली, मग मासा घेतला. पुढच्या दारात तसंच. प्रत्येक दार सेल्लम्माचं होतं, आईकडून तिला मिळालेलं.

परतताना साहेबांनी कोट पुन्हा अंगात घातला. मग म्हणाले, "हे कुठे लिहायचं?"

"मागल्या बाजूला," अंबुजाक्का म्हणाल्या.

पण साहेबांना पटून पुरेसं नव्हतं. मासा गावात उतरत राहावा हे गावाने ठरवायला हवं होतं. तेन्नंकुप्पमची पंचायत म्हणजे देवळासमोर वाळूत बसणारे पुरुष. प्रमुख वेदाचलम, पन्नाशीचा, समुद्राने एक डोळा अधू केलेला, शब्दाला पक्का माणूस. सभा दुपारी भरली. बायका लांब, वाळत घातलेल्या जाळ्यांच्या पलीकडे उभ्या होत्या. जाळ्यांमधून त्यांचे चेहरे चौकटी-चौकटींनी दिसत होते.

वेदाचलम म्हणाला, "अम्मा, आमच्या सभेत बायका बोलत नाहीत."

"त्या बोलणार नाहीत," अंबुजाक्का म्हणाल्या. "मी विचारते, तुम्ही बोला."

होड्यांसाठी ज्यांची नावं होती त्यांच्यासमोर त्या एकेक करून गेल्या. प्रत्येकाला एकच प्रश्न. "ज्या दिवशी समुद्र काही देत नाही, त्या दिवशी तुझ्या घरची चूल कशावर पेटते?"

पहिला माणूस हसला, मग खाली बघू लागला. दुसरा वाळूत बोट फिरवू लागला. तिसरा एक म्हातारा होता, त्याने मागे न बघता जाळ्यांच्या दिशेने हात केला. "तिच्यावर," तो म्हणाला. त्यानंतर चौथ्याने तेच सांगितलं. पाचव्याने तेच. शेवटी अंबुजाक्का वेदाचलमसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलंच नाही. नुसत्या उभ्या राहिल्या. वाऱ्याने जाळी हलत होती. मला आठवतं ते सगळं आवाजाशिवाय आठवतं, पाण्याखालून बघितल्यासारखं.

वेदाचलमने अखेर जाळ्यांकडे मान वळवली. "माझी आई पाटी घेऊन जायची," तो म्हणाला. "बाप बुडाला तेव्हा मी सात वर्षांचा होतो."

मग ठराव झाला. गावातली प्रत्येक इंजिनाची होडी बंदरात जाण्याआधी गावासमोर लाटांच्या बाहेर थांबेल. तराफे जाऊन तिच्यातला एक हिस्सा किनाऱ्यावर आणतील, आणि तो वाळूवर आधी गावच्या बायकांना मिळेल. मग उरलेला बंदरात. पलीकडून कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत की काही नाही. सेल्लम्मा मटकन वाळूत बसली आणि तिने पदराने तोंड पुसलं, एवढंच मी पाहिलं.

अंबुजाक्कांनी अहवाल लिहिला. मी तो टाईप केला. त्यात ठराव होता, आणि असा नियम प्रत्येक गावात होडी देण्याआधी व्हावा अशी शिफारस होती. अहवाल वर गेला आणि परत आला. वरच्या कुणा अधिकाऱ्याने त्या परिच्छेदावर निळ्या पेन्सिलीने रेघ मारली होती. होड्या वाटेत थांबल्या तर बंदरात माल उशिरा येतो, आणि योजनेचं यश बंदरातल्या मालावर मोजायचं होतं. परिच्छेद काढून सही करावी, असा शेरा होता.

साहेबांनी त्यांना बोलावलं. मी टाईप करायला म्हणून आतच होते.

"बाई, हा परिच्छेद गेला तरी गावाचा ठराव राहतोच ना," साहेब म्हणाले. "कागदावर नसला म्हणून काय बिघडतं?"

अंबुजाक्का खिडकीबाहेर बघत होत्या. "ठराव मोडला की गाव मणणार, सरकारी कागदात कुठे आहे," त्या म्हणाल्या. मग थांबल्या. साहेबही थांबले. त्यांनाही सवय झाली होती. "मी सही करत नाही, साहेब. तुम्ही काढा आणि तुमची करा. मला राग येणार नाही."

साहेबांनी त्या दिवशी सही केली नाही. पुढे केली असेल. मला विचारायचा धीर झाला नाही. पंधरा दिवसांनी अंबुजाक्कांच्या बदलीचा हुकूम आला. आत, डोंगराकडे, एका नव्या धरणाच्या जलाशयावर. समुद्रापासून रात्रभराच्या प्रवासावर. हुकूम हातात देताना साहेबांना वर बघवत नव्हतं.

"तिथे मासे आहेत ना?" अंबुजाक्कांनी विचारलं.

"सोडलेत. वाढताहेत."

"मणजे माणसंही असतील," त्या म्हणाल्या.

निघायच्या दिवशी कृष्णाजीराव स्टेशनवर आले होते. हातात केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी होतं. बहीण-भाऊ फार बोलले नाहीत. गाडी हलल्यावर ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, "लहानपणी ती झोपेत उठून चालायची. मी दाराला आडवा झोपत असे, बाहेर जाऊं नये मणून." आणि चष्मा पुसू लागले.

तेन्नंकुप्पमचा ठराव तीन-चार मोसम टिकला. मग कोळंबीला बाहेर मागणी आली, दलाल आगाऊ बोली लावू लागले, आणि एकेक होडी न थांबता जाऊ लागली. वेदाचलमची होडी थांबत राहिली, तो होता तोवर. त्याच्या नातलगांच्या दोन होड्या थांबत. सगळ्या बायकांना पुरेल इतका मासा त्यांत नसे. काही जणी बंदरातल्या कोळंबी सोलायच्या कामाला लागल्या. सेल्लम्मा तिची दारं सोडायला तयार नव्हती. ती पहाटे बंदरापर्यंत जाऊन तिथून मासा घेई. अधूनमधून कचेरीत येई, फाटकाबाहेर उभी राही, अम्मांची खुशाली विचारी. एकदा तिने अम्मांना पाठवायला म्हणून शेवग्याच्या शेंगांची जुडी आणून दिली. "मासा त्या खात नाहीत ना," ती म्हणाली, जणू मला ठाऊक नसावं. त्या शेंगा पाठवणार कशा? मी त्यांची आमटी केली आणि अंबुजाक्कांना पत्र लिहून ती कशी झाली ते कळवलं.

पासष्ट-सहासष्टच्या सुमारास माझ्या यजमानांची बदली परत मुंबईला झाली. जाण्याआधी मी त्यांना घेऊन त्या धरणाच्या गावी गेले. आम्ही सकाळी पोचलो. अंबुजाक्का काठावरच भेटल्या. केस बरेच पिकले होते, बारीक झाल्या होत्या. आम्हाला त्यांच्या खोलीवर नेलं, कॉफी दिली, यजमानांना जेवढं विचारायचं तेवढं विचारलं. मग माझ्याशी बोलत बसल्या. धरणात बुडालेल्या गावांची माणसं आता काठावर मासे धरून जगत होती. त्यांतल्या कुणी त्याआधी जाळं हातात घेतलं नव्हतं. शेती करणारे लोक, पाण्याला भिणारे. आपलं शेत जिथे होतं, बरोबर त्यावर जाऊन जाळं टाकत. अंबुजाक्का म्हणाल्या, "अजून ते पाण्यात बांध बघतात. माझं शेत, तुझं शेत. भांडणही तसंच. मी मणते, राहू दे. हळूहळू पाण्याचा कायदा होईल. मी इथे आहे तोवर…"

वाक्य तिथेच राहिलं. मी वाट बघितली. पण पलीकडच्या वाडीला जायची त्यांची वेळ झाली होती.

तिथे गोल टोपलीसारख्या होड्या असतात, वेताच्या, वरून कातडं मढवलेल्या. एका तरुण बाईने एक तशी होडी पाण्यात लोटली आणि अंबुजाक्का पदर खोचून तिच्यात बसल्या. जलाशयावर सकाळचं धुकं होतं. पाणी आणि आकाश यांच्यामधली रेघच नव्हती. बाई एकाच वल्ह्याने वल्हवत होती, आणि प्रत्येक फटक्याबरोबर होडी स्वतःभोवती हळूहळू फिरत पुढे जात होती. त्यामुळे अंबुजाक्कांचा चेहरा कधी आमच्याकडे होई, कधी डोंगराकडे, कधी पलीकडच्या काठाकडे. त्या वल्हवणाऱ्या बाईशी काहीतरी बोलत होत्या. ती मान हलवत होती. मी हात वर केला. होडी एकदा आमच्याकडे फिरली तेव्हा त्यांनी तो पाहिला असावा, पण त्या ऐकण्यात गुंतलेल्या होत्या. पुढच्या फेरीला त्या जरा लहान दिसल्या, त्यापुढच्या फेरीला आणखी लहान. मग चेहरा कुठला आणि पाठ कुठली, तेही धुक्यात कळेनासं झालं. यजमान म्हणाले, "चल, गाडी चुकेल." मी होडी फिरताना दिसत होती तोवर उभी राहिले.